शटडाऊन तोंडावर आणि फिटर नाहीत

धाटाव एमआयडीसीतल्या एका रसायन कंपनीचं शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवणं, दिवाळीत ठरलं आणि त्यातलं पाइपिंग आमच्या छोट्या फर्मकडे आलं. काम फार मोठं नव्हतं. कूलिंग वॉटर आणि सॉल्व्हंटच्या जुन्या लाइनी उतरवायच्या, चार आणि सहा इंची नव्या चढवायच्या, एका पंपाचं सक्शन-डिस्चार्ज नव्याने जोडायचं, हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) द्यायची आणि आठवड्याभरात प्लांट मोकळा करायचा. पाइप, एल्बो (वळणाचा तुकडा), फ्लँज (बोल्टने जोडायची कडी) कळंबोलीच्या बाजारातून येतात. वेल्डिंग मशीन भाड्याने मिळतं. हायड्रा क्रेन एका फोनवर गेटशी उभी राहते. घोडं अडतं ते फिटरपाशी. सहा फिटर हवे होते आणि हाताशी खात्रीचे दोनच होते.

बाकीचे जमवताना काय काय करावं लागलं ते लिहितोय. कारखान्यात बसून टेंडर काढणाऱ्या साहेबांना आणि आयटीआय करून घरी बसलेल्या आपल्या मुलांना, दोघांनाही या कामाची मधली बाजू दिसत नाही. मी त्या मधल्या जागेत उभा असतो.

आधी पाइप फिटर म्हणजे काय ते सांगतो, कारण नातेवाईकसुद्धा मला प्लंबर समजतात. कारखान्यात वाफ, आम्ल, सॉल्व्हंट, गरम तेल, सगळं पाइपातून फिरतं. ड्रॉइंग ऑफिसातून त्या लाइनीची आयसोमेट्रिक येते, म्हणजे एका कागदावर लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशा दाखवणारी रेषांची आकृती. ती वाचून पाइप नेमका कापायचा, बेव्हल मारायचा (वेल्डसाठी कड तिरकी करायची), एल्बो, टी, रिड्यूसर, फ्लँज सरळ रेषेत धरायचे, वेल्डरला सगळीकडे सारखा गॅप देऊन टॅक (तात्पुरते छोटे वेल्ड) मारून घ्यायचे, तयार स्पूल (जोडून झालेला पाइपाचा भाग) वर चढवायचा आणि आधीच जागेवर बसलेल्या व्हॉल्व्हशी, पंपाशी, टाकीशी असा जुळवायचा की बोल्ट हाताने आत गेला पाहिजे. हे सगळं फिटरचं. वेल्डर त्याच्यानंतर येतो.

फोन करायला मी श्रावणातच सुरुवात केली होती. आमच्या भागात पाइपिंगच्या गँग बहुतेक बिहारमधल्या गोपालगंज-सिवान आणि उत्तर प्रदेशातल्या देवरियाकडच्या. वर्षानुवर्षांचे संबंध, घरच्या लग्नांची आमंत्रणं येण्याइतके. पण या वेळी ज्याला फोन करावा तो दुसरीकडे. दोघं राजस्थानात पचपदराच्या रिफायनरीवर. काही इथेच अलिबागजवळ उसरला, गेलच्या नव्या प्रकल्पावर. मोठ्या साइटवर काम वर्ष-दोन वर्षं चालतं, राहायची सोय असते. आठवड्याच्या शटडाऊनसाठी तिथली जागा सोडून कोण येईल? तिघं आखातात गेलेले. सौदीत चौदाशे-पंधराशे रियाल आणि जेवण-राहणं मिळतं म्हणाले. इथे मी दिवसाला हजार-अकराशे रुपये आणि ओव्हरटाइम देतो, त्यातून त्यांचं भाडं आणि खानावळ जाते. मी त्यांना काय तोंडाने थांबवणार?

त्यात तारखा. दिवाळीत मागणी कमी म्हणून कंपन्या शटडाऊन घेतात आणि दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ. छठेला बिहारचा माणूस घरी जाणारच, त्याचं तिकीट दोन महिने आधी काढलेलं असतं. कंपनीच्या मेंटेनन्स साहेबांना मी म्हटलं, आठ दिवस अलीकडे घ्या. ते म्हणाले, प्रोडक्शन सोडत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. स्थानिक पोरं घेतली तरी गणपती आणि शिमग्याला तोच प्रश्न येतो, पण तेव्हा निदान शटडाऊन नसतं.

मग ओळखीच्या मुकादमांकडून, खानावळवाल्याकडून, महाड-लोट्याच्या कंत्राटदारांकडून नावं गोळा केली आणि सगळ्यांना एका रविवारी शेडवर बोलावलं. ट्रेड टेस्ट घेतल्याशिवाय मी कोणालाही घेत नाही. टेस्ट साधी असते. घोडीवर चार इंची पाइप, एक नव्वदचा लाँग रेडियस एल्बो, एक वेल्ड नेक फ्लँज आणि भिंतीवर लावलेली आयसोमेट्रिक. तिच्यावर एल्बोच्या सेंटरपासून फ्लँजच्या फेसपर्यंत १२०० मिमी लिहिलेलं. पाइप किती कापशील?

१२०० मधून एल्बोचा टेक-ऑफ १५२ जातो, कारण लाँग रेडियस एल्बोचं सेंटर ते फेस अंतर डायाच्या (व्यासाच्या) दीडपट, म्हणजे चार इंचीला सहा इंच. फ्लँजची उंची ७६ जाते. दोन जॉइंटांचे तीन-तीन मिमी गॅप जातात. उरतो ९६६. हे ज्याला येतं तो सोपस्टोनच्या खडूने पाइपावरच आकडे मांडतो आणि टेप लावतो. ज्याला येत नाही तो एल्बो आणि फ्लँज जमिनीवर मांडून अंदाजाने माप घ्यायला जातो. आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी जमिनीवर मांडलं. सगळे स्वतःला सात-आठ वर्षांचे फिटर म्हणवत होते आणि खोटं बोलत नव्हते. त्यांनी तेवढी वर्षं साइटवर काढली होती, पण माप नेहमी फोरमनने दिलेलं. ड्रॉइंग त्यांच्या हातात कधी कोणी दिलंच नाही.

एक गोपालगंजचे मिस्त्री आले होते, साठीला टेकलेले. इंग्रजी अक्षर वाचता येत नाही, पण आयसोवरची प्रत्येक खूण ओळखतात. त्यांनी आधी नॉर्थचा बाण शोधला, मग लाइन कुठून निघून कुठे जाते ते बोटाने हवेत काढून दाखवलं. फ्लँज लावताना मी त्यांच्या हातांकडेच बघत होतो. फ्लँजच्या वरच्या दोन होलांत दोन बोल्ट घातले, बोल्टांवर लेव्हल आडवी ठेवली, बुडबुडा मध्ये येईपर्यंत फ्लँज केसभर फिरवली, मगच पहिला टॅक. याला टू-होल करणं म्हणतात. होलं सेंटर लाइनीच्या दोन्ही बाजूंना सारखी पडली पाहिजेत. इथे दोन मिमीचा फरक पडला की वर चढवल्यावर समोरच्या व्हॉल्व्हची होलं जुळत नाहीत, किंवा जुळवायला गेलं तर सगळा स्पूल वाकडा बसतो. पहिला टॅक मारल्यावर ते समोरासमोरच्या बाजूने गेले, वरून मग खालून, डावीकडून मग उजवीकडून, कारण टॅक थंड होताना पाइपाला आपल्याकडे ओढतो. शेवटी गॅपमधून तीन मिमीची तार सगळीकडे फिरवून पाहिली आणि आतून बोट फिरवून दोन्ही कडा समान आहेत ना ते तपासलं. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

त्याच दिवशी माणगावकडचा एक मुलगा आला होता. आयटीआय फिटर, दोन वर्षं पूर्ण, मार्क उत्तम. त्याला फाइलिंग करायला दिलं असतं तर त्याने आरशासारखं काम केलं असतं. मार्किंग, ड्रिलिंग, टॅपिंग, मायक्रोमीटर, सगळं येत होतं. पण चार इंची एल्बो त्याने आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला. आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये पाइप येतो, पण थोडा, आणि मोठ्या डायाचा, फ्लँजचा, आयसोचा तर हाताला लागतच नाही. दोष मुलाचा नाही आणि शिक्षकांचाही नाही. तो ट्रेड मशिनच्या फिटरसाठी घडलाय. मी त्याला आणि त्याच्यासारख्या आणखी दोघांना हेल्पर म्हणून घेतलं, एका अटीवर, की ते मिस्त्रींच्याच हाताखाली राहतील. सामान वाहायला मी दुसरी माणसं लावीन.

इथे एक गोष्ट मला मनापासून खटकते. वेल्डरची चाचणी होते. सिक्स जी पोझिशनला, म्हणजे पंचेचाळीस अंशांत तिरका पक्का बसवलेला पाइप, त्याने वेल्ड मारायचा, त्याची रेडिओग्राफी (एक्स-रे तपासणी) किंवा बेंड टेस्ट (वाकवून बघणं) होते आणि पास झाला तर कागद मिळतो. वाफेच्या लाइनीला तर आयबीआरचा (बॉयलरच्या नियमांचा) पास वेल्डरच लागतो. त्या कागदावर त्याचा रोज (दिवसाची मजुरी) ठरतो आणि तो ठरावाच. फिटरला अशी सक्तीची चाचणी नाही, कागद नाही. गेटवर दहा वर्षांचा फिटर आणि काल पाना हातात धरलेला मुलगा एकाच रकान्यात बसतात. रेडिओग्राफीत जॉइंट फेल गेला की वेल्डरला धरलं जातं. त्यातले कितीतरी फेल फिट-अपमुळे, म्हणजे फिटरच्या जुळवणीमुळे, असतात. गॅप एका बाजूला चार मिमी आणि दुसऱ्या बाजूला शून्य असेल तर रूटला (जोडाच्या तळाला) धातू पोचणार कुठून? ज्याच्या कामावर वेल्डरचं काम उभं राहतं त्याला ओळख नाही, म्हणून पोरं वेल्डर व्हायला धावतात, फिटर व्हायला नाही. वेल्डरसुद्धा कमीच आहेत, पण त्या वाटेवर निदान पाटी लावलेली आहे.

गेट पासचा भाग थोडक्यात सांगतो. आधार, पोलीस पडताळणी, मेडिकल, पीएफचा यूएएन, सेफ्टी ट्रेनिंग. फिटरचा महिन्याचा पगार ईएसआयच्या (सरकारी कामगार विम्याच्या) २१,००० रुपयांच्या मर्यादेवर जातो, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळी विमा पॉलिसी काढावी लागते. परप्रांतातल्या माणसाची पोलीस पडताळणी रेंगाळली की तो रूमवर बसून राहतो आणि त्याचा रोज मी भरतो. कंपनीचे नियम चुकीचे नाहीत. सॉल्व्हंटच्या प्लांटमध्ये कोण आत जातंय हे त्यांना कळायलाच हवं. पण आठवड्याच्या कामासाठी तीन आठवडे कागदांत जातात, आणि तेवढ्यात दुसरीकडून दोनशे रुपये जास्त देणारा फोन आला की माणूस निघून जातो. या वेळीही एक गेला.

शेवटी सहाच्या जागी पाच फिटर, ती तीन मुलं आणि वेल्डर-ग्राइंडर-रिगर मिळून काम सुरू झालं. स्पूल आधीच शेडमध्ये जेवढे होतील तेवढे करून ठेवले होते. फिटर कमी असताना हाच एक उपाय हातात असतो, प्लांटमधलं काम शेडमध्ये खेचायचं. शेडमध्ये पाइप फिरवता येतो, वेल्डर बसून वेल्ड मारतो, हॉट वर्क परमिटची (ठिणग्या उडणाऱ्या कामाच्या परवान्याची) वाट बघावी लागत नाही. वर मचाणावर त्याच जॉइंटला कितीतरी जास्त वेळ जातो.

पंपाच्या डिस्चार्जपाशी जे घडलं ते मुलांनी पाहिलं याचं मला फार समाधान आहे. शेवटचा स्पूल खाली आला आणि त्याची फ्लँज पंपाच्या नोझलशी समांतर नव्हती. एका बाजूला गॅस्केटपुरती जागा, दुसऱ्या बाजूला त्याहून दोनेक मिमी जास्त. एका तरुण फिटरने चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) लावला. पाइप ओढून बोल्ट आवळले तर फ्लँज बसते, लीकही होत नाही, टेस्टलाही पास होते. मिस्त्री खालूनच ओरडले, "खींचना मत! पंप रोएगा बाद में." ओढलेल्या पाइपचा सगळा ताण पंपाच्या नोझलवर राहतो, शाफ्टचं अलाइनमेंट जातं, आणि दोन महिन्यांनी सील आणि बेअरिंग गेल्यावर कोणालाही आठवत नाही की पाइप कोणी ओढला होता. त्यांनी वरचा एक फील्ड जॉइंट (जागेवरच वेल्ड करायचा जोड) मुद्दाम टॅकवरच ठेवलेला होता. तो ग्राइंड करून सोडवला, पाइप मोकळा झाल्यावर आपल्या जागी आला, मग परत टॅक मारले. त्यानंतर माणगावच्या मुलाला पंपाच्या कपलिंगवर डायल गेज (किंचितशी हालचालही सुईने दाखवणारं माप) लावायला सांगितलं. ते त्याला आयटीआयमुळे उत्तम येत होतं. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत आवळले जात होते आणि तो मोठ्याने सुईचा आकडा सांगत होता. सुई ०.०५ मिमीच्या पुढे सरकता कामा नये. सरकली नाही. त्या पोराला आपल्या दोन वर्षांच्या शिक्षणाची जागा पाइपिंगमध्ये नेमकी कुठे आहे ते तिथे कळलं, आणि मिस्त्रींनाही कळलं की हा नुसता सामान वाहणारा हेल्पर नाही. दुसऱ्या दिवसापासून ते त्याला आयसो धरायला देऊ लागले.

हायड्रो टेस्ट डिझाइन प्रेशरच्या दीडपट होते. खालून पाणी भरत वरच्या व्हेंटमधून हवा पूर्ण जाऊ द्यायची, मग हळूहळू दाब वाढवायचा. एका दोन इंची फ्लँजला थेंब दिसला, गॅस्केट बदललं, पुन्हा टेस्ट घेतली, पास. शटडाऊन ठरल्या वेळेच्या थोडं पुढे गेलं. छठेला जाणारे त्याच रात्री कल्याणला गाडी पकडायला निघाले.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. लोक म्हणतात, पोरांना कष्ट नकोत म्हणून फिटर मिळत नाहीत. मला हे पटत नाही. आमच्या पिढीत फिटर कुठून आले ते मी पाहिलंय. मुंबई हायच्या गॅसवर ऐंशीच्या दशकात थळचा खत कारखाना उभा राहिला, पुढे नागोठण्याचा गॅस क्रॅकर (गॅसपासून प्लास्टिकचा कच्चा माल काढणारा कारखाना) झाला. आमच्या रायगडातली शेकडो माणसं त्या कामांवर खलाशी, म्हणजे अवजड सामान हलवणारे मजूर, म्हणून लागली. खलाशाचा हेल्पर झाला, हेल्परच्या हातात ग्राइंडर आला, मग गॅस कटर, आणि पाच-सात वर्षांनी फिटर. कारखाने सुरू झाल्यावर कंपन्यांची स्वतःची मेंटेनन्स वर्कशॉप होती, त्यात कायम नोकरीतले फिटर होते आणि त्यांच्या हाताखाली उमेदवार (शिकाऊ कामगार) होते. मी असाच शिकलो. माझ्या उस्तादांना माझ्यामुळे कामाला दुप्पट वेळ लागत असे आणि तरी त्यांचा पगार कापला जात नसे. नंतर कायम माणसं निवृत्त झाली, काहींनी व्हीआरएस घेतली, त्या जागा भरल्या गेल्या नाहीत आणि मेंटेनन्स कंत्राटावर गेलं.

कंत्राटात बिल इंच डायावर निघतं. चार इंची एक जॉइंट म्हणजे चार इंच डाया. दिवसाला गँगने किती इंच डाया काढले यावर माझं बिल, माझ्या बिलावर त्यांचा रोज. आता अशा गँगमध्ये मिस्त्रीने पोराला माप काढायला लावलं, ते चुकलं, पुन्हा काढलं, तर अर्धा तास गेला आणि तेवढे इंच डाया बुडाले. तो अर्धा तास कोण भरणार? कंपनीच्या दरात तो नाही, मुख्य कंत्राटदाराच्या दरात नाही, माझ्या दरात नाही. म्हणून फोरमन माप स्वतः काढतो, फिटर ते कापतो आणि हेल्पर जन्मभर सामान वाहतो. माझ्या रविवारच्या टेस्टमध्ये जमिनीवर एल्बो मांडणारे सात-आठ वर्षांचे फिटर असे तयार झाले.

उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणं बंधनकारक आहे, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, सरकार देतं. चांगली गोष्ट आहे. पण उमेदवार कंपनीच्या पटावर आणि फिटर कंत्राटदाराच्या पटावर, मग शिकवणार कोण? अमेरिकेत पाइपफिटरांची युनायटेड असोसिएशन ही संघटना १८८९ पासून आहे. तिची उमेदवारी पाच वर्षांची, पहिल्या दिवसापासून पगारी, वर्षागणिक वाढत्या पगाराची. टंचाई त्यांच्याकडेही आहे. पण जो पाच वर्षं पुरी करतो त्याच्या हातात ड्रॉइंग असतं आणि खिशात कागद असतो.

शटडाऊन संपल्यावर मी मिस्त्रींना थांबायची विनंती केली. छठ करून या, म्हटलं, मचाणावर चढू नका, शेडमध्ये या पोरांना शिकवा, रोज तोच देईन. डिसेंबरात ते परत आले. पुढच्या टेंडरला दर देताना मी इंच डायाच्या खाली एक वेगळी ओळ घातली: दर तीन फिटरांमागे एक शिकाऊ, त्याचा रोज आणि मिस्त्रीचा शिकवण्याचा वेळ. खरेदी विभागाने ती ओळ काढायला सांगितली. मी मेंटेनन्सच्या साहेबांना भेटलो, पंपाचं उदाहरण दिलं, सील बदलायला त्यांना किती खर्च येतो ते त्यांच्याच रजिस्टरमधून दाखवलं. अर्ध्या रकमेवर ती ओळ राहिली. इतर कंत्राटदारांनाही मी तेच सांगतोय, तुमच्या दरात ही ओळ घाला, एकट्याने घातली तर माझाच दर महाग दिसतो.

शेडमध्ये आता रविवारी सकाळी रोहा, माणगाव, कोलाडकडची आयटीआय झालेली पोरं येतात. फी नाही, चहा-नाश्ता आमच्याकडे. नव्वदचा एल्बो आणि टू-होल झालं, आता पंचेचाळीसचा ऑफसेट (लाइन बाजूला सरकवून पुढे नेणं) चालू आहे: ऑफसेट गुणिले १.४१४, त्यातून दोन्ही एल्बोंचे टेक-ऑफ वजा, गॅप वजा. ते हाताला बसलं की दोन दिशांना एकदम वळणारा रोलिंग ऑफसेट. माणगावचा मुलगा नव्यांना टेप धरायला शिकवतो. ज्यांना यायचंय त्यांनी मापाची टेप आणि एक वही घेऊन यावं, बाकी सगळं शेडमध्ये आहे.